खेळांसाठी संगणक जुळविताना : भागांची निवड आणि वाराणसीचा उन्हाळा

१. विषयप्रवेश

तयार संगणक विकत घेणे आणि सुटे भाग निवडून तो जुळवून घेणे ह्यांत तयार कपडा घेणे आणि माप देऊन शिवून घेणे ह्यांइतकाच फरक आहे. माप देणाऱ्याला आपले अंग ठाऊक असावे लागते. त्याचप्रमाणे भाग निवडणाऱ्याला आपली गरज, आपली खोली, आपल्या घरची वीज आणि आपल्या गावचे हवामान ह्यांची माहिती असावी लागते. ह्यांपैकी पहिल्या गोष्टीचा विचार बहुतेक जण करतात. उरलेल्या तीन गोष्टींचा विचार क्वचितच केला जातो, आणि यंत्रात पुढे दिसून येणारे बरेचसे दोष ह्या विस्मरणातूनच उद्भवतात.

संगणकावरील खेळ ही केवळ करमणुकीची बाब आहे, असे समजून ह्या विषयाकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही. यंत्राच्या अंगी असलेल्या सर्व शक्तींची एकाच वेळी परीक्षा घेणारी इतकी कठीण कसोटी घरगुती उपयोगात दुसरी नाही. शिवाय मध्यम स्थितीच्या कुटुंबात असे यंत्र एकच असते. त्याच्यावरच मुलाचा अभ्यास, थोरल्या भावाचे चित्रफीत जुळविण्याचे काम आणि रात्रीचा खेळ चालतो. त्यासाठी साठविलेली रक्कम पुन्हा चटकन उभी राहणारी नसते. म्हणून निवड करण्यापूर्वी कारणे समजून घेणे अगत्याचे आहे.

येथे उदाहरणासाठी वाराणसी हे नगर घेतले आहे. मे व जून महिन्यांत तेथील उष्णतामान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, कधी ते ४५ अंशांच्या घरात पोहोचते आणि लू वाहते. त्यानंतर पावसाळ्याचे दमट महिने येतात. पंचगंगा घाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट ह्या परिसरात पिढ्यानपिढ्या राहत आलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांना परिचित असलेली तेथील जुनी घरे दाटीची आहेत; जाड भिंतींच्या आतल्या खोल्यांत वारा फारसा खेळत नाही. जे यंत्र अशा खोलीत नीट चालेल ते नागपूर, जळगाव किंवा चंद्रपूर येथेही चालेल, ह्यात शंका नाही.

ह्याच नगरात, काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत, १९ फेब्रुवारी २०१९ रोजी ‘परम शिवाय’ ह्या महासंगणकाचे उद्घाटन झाले. राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली पुण्याच्या ‘सी-डॅक’ ह्या संस्थेने तो उभारला. त्याची क्षमता ८३३ टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे ८३३ लक्ष कोटी गणिती क्रिया इतकी सांगितली जाते. महासंगणक आणि घरचा संगणक ह्यांच्या आकारात मोठे अंतर असले तरी त्यांच्यापुढील प्रश्न एकाच जातीचे आहेत : काम कोणत्या भागाने करावयाचे, त्या भागाला माहिती वेळेवर कशी पोहोचवावयाची, स्थिर वीज कशी पुरवावयाची आणि निर्माण झालेली उष्णता कोठे न्यावयाची. पुढील विवेचन ह्याच चार प्रश्नांना धरून केले आहे.

२. आरंभ पडद्यापासून

भागांची निवड प्रोसेसरपासून करावी असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक ती मॉनिटरपासून करावयास हवी. कारण यंत्राला किती काम पडणार हे मॉनिटर ठरवितो.

पडद्यावरील चित्र असंख्य ठिपक्यांचे बनलेले असते. ‘फुल एच.डी.’ पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. ‘फोर-के’ पडद्यावर हीच संख्या ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट होते. चित्र हलते भासावे म्हणून ते सेकंदाला अनेक वेळा नव्याने काढावे लागते. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम काढावयाच्या असतील तर फुल एच.डी. पडद्यासाठी दर सेकंदाला १२ कोटी ४४ लक्ष ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात, आणि एका फ्रेमसाठी अवघे १६.७ मिलिसेकंद मिळतात. पडदा १४४ हर्ट्झचा असेल तर ही मुदत ६.९ मिलिसेकंदांवर येते.

ह्यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. जो पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलतो त्याच्यासाठी सेकंदाला २०० फ्रेम काढणारे यंत्र घेतल्यास त्यांतील बहुतेक फ्रेम पाहणाऱ्याच्या दृष्टीस पडतच नाहीत. उलट फोर-के पडदा आधी घेऊन टाकला आणि यंत्र साधेच असले, तर चित्र अडखळत चालते. पडदा आणि यंत्र ह्यांचा मेळ आधी कागदावर बसविला पाहिजे.

३. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड

खेळ चालू असताना दोन कामगार एकामागोमाग एक राबत असतात. प्रोसेसर हा हिशेबनीस होय. खेळाडूने कोणती कळ दाबली, प्रतिपक्षाचा शिपाई कोठे वळला, चेंडू भिंतीवर आपटून कोणत्या दिशेने गेला, हे सर्व तो ठरवितो आणि काय रेखाटावयाचे ह्याची आज्ञा ग्राफिक्स कार्डाला देतो. ग्राफिक्स कार्ड हा चित्रकार होय. ठिपके लक्षावधी असले तरी प्रत्येकावर करावयाची क्रिया बहुधा सारखीच असते. म्हणून ह्या कार्डात साध्या गणकांची मोठी फौज एकदम कामाला लावलेली असते. प्रोसेसरमध्ये गणक थोडे, परंतु प्रत्येक गणक चतुर असतो. ‘परम शिवाय’मध्येही प्रोसेसरांच्या जोडीला ग्राफिक्स प्रोसेसर बसविले आहेत ते ह्याच कारणाने : पुष्कळ सारखी गणिते एकदम करणे हे त्यांचे वैशिष्ट्य आहे.

दोघांची कामे परस्परांवर आच्छादून चालतात. चित्रकार एक फ्रेम रंगवीत असताना हिशेबनीस पुढच्या फ्रेमची तयारी करतो. म्हणून एकूण वेग दोघांपैकी जो मंद असेल त्याच्याइतकाच राहतो. एक उदाहरण घेऊ.

समजा, एका खेळात प्रोसेसरला प्रत्येक फ्रेमसाठी ८ मिलिसेकंद आणि ग्राफिक्स कार्डाला २० मिलिसेकंद लागतात. सेकंदात १,००० मिलिसेकंद असतात; तेव्हा फ्रेम १,००० भागिले २०, म्हणजे ५० मिळतील. येथे अधिक महागाचा प्रोसेसर आणून ८ चे ४ मिलिसेकंद केले तरी फ्रेम ५० च राहतील. खर्च झालेला पैसा पडद्यावर दिसणार नाही. ग्राफिक्स कार्ड बदलून २० चे १० मिलिसेकंद केले तर फ्रेम १०० होतील. त्याहून शक्तिमान कार्ड आणून ५ मिलिसेकंद केले, तर मात्र फ्रेम २०० होत नाहीत. आता ८ मिलिसेकंद घेणारा प्रोसेसर मंद ठरतो आणि फ्रेम १२५ वर थांबतात.

खेळाचा प्रकारही पाहावा लागतो. मोठी नगरे वसविण्याचे किंवा सैन्ये चालविण्याचे खेळ हिशेबनिसावर भार टाकतात. नटलेली दृश्ये, पाणी, प्रकाश व सावल्या असलेले खेळ चित्रकारावर भार टाकतात. पडद्यावरील ठिपके वाढले की भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डावरच वाढतो. ह्या कार्डाची स्वतःची स्मृती अपुरी पडल्यास, गणनाचा वेग पुरेसा असूनही, चित्र झटके देत चालते. यास्तव कार्डाच्या नावाबरोबरच त्यावरील स्मृती किती गीगाबाइट आहे हेही विचारून घ्यावे.

वापरलेले कार्ड स्वस्तात मिळते तेव्हा विशेष सावधगिरी हवी. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘इथिरियम’ ह्या आभासी चलनाची पद्धती बदलली आणि त्या चलनाच्या खाणकामात रात्रंदिवस राबविलेली पुष्कळ कार्डे बाजारात आली. अशा कार्डाची चीप चांगली असू शकते. परंतु पंख्यांची बेअरिंगे झिजलेली आणि उष्णता वाहून नेणारा लेप वाळलेला असण्याचा संभव असतो. ते अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवून पाहिल्याखेरीज घेऊ नये.

४. मदरबोर्ड, रॅम आणि साठवण

मदरबोर्डाने वेग वाढत नाही. तो भागांना जोडतो. म्हणून त्याच्या निवडीत मुख्य कसोटी मेळाची आहे. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. ए.एम.डी. कंपनीचे ए.एम.४ आणि २०२२ मध्ये आलेले ए.एम.५ हे सॉकेट परस्परांशी जुळत नाहीत. इंटेलचे सॉकेट त्यांहून निराळे आहेत. डी.डी.आर.४ प्रकारची रॅम डी.डी.आर.५ च्या जागेत बसतच नाही, कारण दोहोंच्या खाचा भिन्न ठिकाणी असतात. मदरबोर्डाचा आकारही कॅबिनेटात मावला पाहिजे. ए.टी.एक्स. आकार ३०५ × २४४ मिलिमीटर आणि मायक्रो-ए.टी.एक्स. २४४ × २४४ मिलिमीटर असतो. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि कूलरची उंचीही कॅबिनेटाच्या मापाशी ताडून पाहावी.

रॅम ही कामाच्या मेजासारखी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये पूर्ण झालेल्या ‘टिफ्रॅक’ ह्या भारतीय बनावटीच्या संगणकाच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत असत, म्हणजे सुमारे १० किलोबाइट. आजच्या १६ गीगाबाइट रॅममध्ये त्याच्या पावणेसतरा लाख पट जागा असते. तरीही नव्या खेळांसाठी १६ गीगाबाइट ही आरंभाची पायरीच समजली जाते.

रॅम घेताना १६ गीगाबाइटची एक पट्टी घेण्याऐवजी ८-८ च्या दोन घ्याव्यात. ३२०० वेगाच्या डी.डी.आर.४ रॅमची एक वाट सेकंदाला २५.६ गीगाबाइट माहिती वाहून नेते. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसविल्या तर दोन वाटा उघडतात आणि ही मर्यादा ५१.२ गीगाबाइट होते. खर्च जवळजवळ तोच राहून मिळणारा हा लाभ आहे. रॅमचे भाव मात्र स्थिर नसतात. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्यामुळे ते जगभर झपाट्याने चढले. म्हणून जुनी अंदाजपत्रके प्रमाण मानू नयेत.

साठवणीसाठी हार्ड डिस्क आणि एस.एस.डी. असे दोन प्रकार आहेत. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंद नुसते थांबावे लागते. एस.एस.डी.मध्ये फिरणारा भागच नसल्यामुळे हे थांबणे मिलिसेकंदाच्या लहान अंशावर येते. खेळ व कार्यप्रणाली एस.एस.डी.वर ठेवावी आणि छायाचित्रे व चित्रपट ह्यांसाठी हार्ड डिस्क राखावी, ही वाटणी काटकसरीची आहे.

५. उष्णतेचा प्रश्न

संगणकात शिरणारी जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो; तेव्हा ४०० वॅटचे यंत्र चालविणे म्हणजे खोलीत आणखी चार माणसे आणून बसविणेच होय.

ही उष्णता पंखे हवेबरोबर बाहेर नेतात. परंतु पंखा कितीही चांगला असला तरी तो यंत्राला खोलीतील हवेपेक्षा अधिक थंड करू शकत नाही. प्रोसेसरचे उष्णतामान म्हणजे खोलीचे उष्णतामान अधिक भारामुळे झालेली वाढ. परीक्षणाच्या लेखांत २५ अंशांच्या खोलीत एखादा प्रोसेसर ७० अंशांवर चालल्याचे नमूद केलेले असते. येथे वाढ ४५ अंशांची झाली. तोच प्रोसेसर, तोच कूलर आणि तोच खेळ वाराणसीत मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांच्या खोलीत ८७ अंशांवर जाईल. बहुतेक आधुनिक प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या दरम्यान स्वसंरक्षणासाठी आपला वेग आपणच कमी करतात. डिसेंबरात सुरळीत चालणारा खेळ जूनमध्ये अडखळू लागतो तो ह्यामुळे, आणि यंत्र बिघडले असे समजून दुकानात धाव घेतली जाते. परदेशी परीक्षणातील आकड्यांत आपल्या खोलीचा फरक मिळवूनच कूलर निवडावा.

किती हवा लागते, ह्याचाही हिशेब सोपा आहे. ४०० वॅट उष्णता नेताना हवेचे उष्णतामान १० अंशांहून अधिक वाढू द्यावयाचे नसेल, तर सेकंदाला सुमारे ३५ लिटर हवा कॅबिनेटातून वाहिली पाहिजे. पुढची बाजू काचेने किंवा अखंड पत्र्याने बंद केलेले देखणे कॅबिनेट ही वाट अडविते. यास्तव पुढे जाळी आणि तीमागे काढून धुता येणारी धूळगाळणी असलेले कॅबिनेट पत्करावे. आत हवा घेणारे पंखे दोन आणि बाहेर टाकणारा एक, अशी मांडणी केल्यास आतील दाब किंचित अधिक राहतो आणि फटींतून धूळ ओढली जात नाही. गाळणी उन्हाळ्यात दर पंधरवड्याला झाडावी.

पाण्याच्या कूलरविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. कोरड्या मे महिन्यात तो खोली थंड करतो आणि त्याचा यंत्रालाही लाभ होतो. परंतु त्याचा झोत सरळ यंत्रावर सोडू नये, कारण झोताबरोबर पाण्याचे सूक्ष्म तुषार आणि क्षार येऊ शकतात. पावसाळ्यात हवा आधीच दमट असल्यामुळे कूलरचा उपयोग उरत नाही, आणि ओलसर धूळ विजेच्या जोडांवर बसून ते गंजवू लागते. यंत्र जमिनीवर किंवा ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवून न ठेवता मेजावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. गंगा व वरुणा ह्यांच्या काठच्या सखल वस्त्यांत तर ते वरच्या मजल्यावर असणेच शहाणपणाचे आहे.

६. विजेचा पुरवठा

ज्या भागावर सर्वांत कमी पैसा खर्च केला जातो आणि ज्याच्या दोषाने सर्वांत अधिक हानी होते तो भाग म्हणजे एस.एम.पी.एस. घरातील २३० व्होल्टच्या वीजप्रवाहाचे रूपांतर करून तो भागांना मुख्यतः १२ व्होल्टचा स्थिर प्रवाह पुरवितो. तो हलक्या प्रतीचा असेल तर बिघडताना आपल्याबरोबर मदरबोर्ड व ग्राफिक्स कार्ड ह्यांनाही घेऊन जाण्याचा धोका असतो.

त्याची क्षमता ठरविताना भागांची मागणी मिळवावी. समजा, ग्राफिक्स कार्ड २०० वॅट, प्रोसेसर १०० वॅट आणि इतर भाग ६० वॅट घेतात. बेरीज ३६० वॅट झाली. ग्राफिक्स कार्डाची मागणी क्षणभर नेहमीपेक्षा बरीच उसळी घेते, आणि उष्ण हवेत एस.एम.पी.एस.वरही ताण असतो. म्हणून येथे ५५० ते ६५० वॅटचा निवडावा. कार्यक्षमतेचा परिणाम असा : ३६० वॅट पुरविण्यासाठी ८० टक्के कार्यक्षमतेचा एस.एम.पी.एस. भिंतीतून ४५० वॅट ओढतो, तर ९० टक्क्यांचा ४०० वॅट. रोज चार तास वापर धरल्यास महिन्याला सहा युनिटांचा फरक पडतो, आणि खोलीत ओतली जाणारी ५० वॅट उष्णताही वाचते. ‘८० प्लस’ ही खूण केवळ कार्यक्षमता सांगते. संरक्षक योजना आणि हमीची मुदत निराळी तपासावी.

अर्थिंगकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. एस.एम.पी.एस.मधील गाळणीचे लहान धारित्र विजेच्या दोन्ही तारांना कॅबिनेटाच्या पत्र्याशी जोडतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर मुख्य दाबाच्या सुमारे निम्मा दाब येतो. प्रवाह अत्यल्प असल्यामुळे बोटाला झिणझिण्या येतात. हा यंत्राचा दोष नसून घराच्या जोडणीतील उणीव दाखविणारी खूण आहे. तिसरी पिन तोडून दोन पिनांवर काम भागविण्याची सवय जुन्या घरांत आढळते. यंत्र आणण्यापूर्वी जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घेण्याचा खर्च एका पंख्याच्या किमतीइतकाही क्वचितच येतो.

वीज अचानक गेल्यास चालू लेखन अर्धवट राहून साठविलेली माहिती बिघडू शकते. यू.पी.एस. घेताना त्याच्यावर छापलेला व्ही.ए. हा आकडा वॅट समजू नये. साध्या घरगुती यू.पी.एस.मध्ये वॅट हे व्ही.ए.च्या सुमारे ०.६ पट असतात. ६०० व्ही.ए.चे यंत्र सुमारे ३६० वॅटच देते. ४०० वॅटच्या संगणकाला ते अपुरे पडते, आणि वीज जाताच तेच बंद पडते. १,००० ते १,१०० व्ही.ए. येथे योग्य ठरेल. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक जोडल्यास त्याची कळ ‘यू.पी.एस.’ ह्या स्थितीत ठेवावी. त्या स्थितीत बदल इतक्या थोड्या वेळात होतो की एस.एम.पी.एस. तो सोसू शकतो.

७. पैशाची वाटणी आणि खरेदी

खेळ हाच मुख्य हेतू असेल तर, मॉनिटर व यू.पी.एस. वगळून, दर शंभर रुपयांतील चाळीसच्या आसपास ग्राफिक्स कार्डाला, वीस प्रोसेसरला, बारा मदरबोर्डाला, अठरा रॅम व एस.एस.डी.ला आणि दहा एस.एम.पी.एस., कॅबिनेट व पंखे ह्यांना द्यावेत. हे प्रमाण म्हणजे नियम नव्हे. भावाच्या चढउताराप्रमाणे ते हलेल. परंतु शेवटच्या दहा रुपयांतून काढून पहिल्या चाळीसांत घालण्याचा मोह टाळावा. रंगीत दिव्यांची हौस असेल तर ती सर्व हिशेब झाल्यावर उरलेल्या पैशांतून भागवावी.

वाराणसीत रथयात्रा व सिगरा ह्या भागांत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि दिल्लीत नेहरू प्लेस येथे संगणकाची दुकाने एकवटली आहेत. खरेदी कोठेही केली तरी प्रत्येक भागाचे पूर्ण नाव व अनुक्रमांक लिहिलेली पक्की पावती घ्यावी. नुसते ‘५०० वॅट एस.एम.पी.एस.’ किंवा ‘१६ जी.बी. रॅम’ असे लिहिलेल्या यादीवरून कोणता माल मिळणार हे ठरत नाही, आणि हमीचा दावाही करता येत नाही. हमीची दुरुस्ती गावात होते की भाग परगावी पाठवावा लागतो, हे आधी विचारावे.

८. सारांश

प्रथम पडदा ठरवावा. त्यावरून ग्राफिक्स कार्ड, मग त्याला साजेसा प्रोसेसर, नंतर त्यांना जोडणारा मदरबोर्ड व रॅम निवडावी. ह्या सर्वांच्या मागणीची बेरीज करून एस.एम.पी.एस., आणि आपल्या खोलीच्या उन्हाळ्यातील उष्णतामानावरून कूलर व कॅबिनेट घ्यावे. जो भाग सर्वांत मंद असेल तोच यंत्राचा वेग ठरवितो, आणि जो सर्वांत हलका असेल तो यंत्राचे आयुष्य ठरवितो.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) एका खेळात प्रोसेसरला १२ आणि ग्राफिक्स कार्डाला ९ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला किती फ्रेम मिळतील? कोणता भाग बदलल्यास लाभ होईल?

(२) २२ अंशांच्या खोलीत एक प्रोसेसर ७६ अंशांवर चालतो. ४३ अंशांच्या खोलीत तो किती अंशांवर जाईल? अशा वेळी कोणता उपाय योजावा?

(३) ३०० वॅट पुरविणारा, ८५ टक्के कार्यक्षमतेचा एस.एम.पी.एस. भिंतीतून किती वॅट ओढील? त्यासाठी ६०० व्ही.ए.चा साधा यू.पी.एस. पुरेल काय?

(४) आपल्या घरातील ज्या खोलीत संगणक आहे तेथील मे महिन्यातील दुपारचे उष्णतामान आठ दिवस मोजून नोंदवा, आणि त्यावरून कॅबिनेटाची जागा योग्य आहे की नाही ते ठरवा.